लाल रेघेची तपासणी

धुतमलांच्या घरातला टीव्ही एके दिवशी अचानक भौतिकशास्त्र शिकवायला लागला, आणि आनंदराज धुतमलांना संशय आला.

नांदेडात तरोडा नाक्याजवळच्या त्या घरात माणसं तीन. स्वतः आनंदराज, एसटीतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी सुमनबाई, ज्या टीव्हीवर फक्त स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत आणि बघितलेलं कधीही करत नसत. आणि मुलगी बुद्धप्रिया, जी कृषी खात्यात नोकरीला होती आणि बारावीला फिजिक्समधून कशीबशी सुटली होती. या तिघांपैकी कुणाचंही घर्षणाच्या नियमांवाचून काही अडलेलं नव्हतं. तरी टीव्ही लावला, यूट्यूब उघडलं, की पहिल्याच ओळीत भरल्या वांग्याच्या आणि बातम्यांच्या मधोमध एक चष्मेवाला तरुण पांढऱ्या फळ्यासमोर उभा. ‘घर्षण : भाग तीन’. आणि त्या चित्राखाली लाल रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ही लाल रेघ म्हणजे काय, हे आनंदराजांना कुणी शिकवलं नव्हतं. मागे पुतण्या राहायला आला आणि कुस्त्या बघून गेला, तर तो गेल्यावरही टीव्ही कितीतरी दिवस घरात पैलवान आणून उभे करत होता. तेव्हाच त्यांनी ताडलं. जेवढं बघितलं तेवढी रेघ. अर्धं बघितलं तर अर्धी, पूर्ण बघितलं तर पूर्ण. म्हणजे पंच मारलेलं तिकीटच की. माणूस नाही म्हणेल, रेघ नाही म्हणणार नाही.

एसटीत ते लाइन चेकिंगला होते. मुदखेडच्या फाट्यावर, हदगावच्या वळणावर, लिंबाच्या झाडाआड जीप लावून उभं राहायचं, गाडी दिसली की हात दाखवायचा, आत चढायचं आणि आधी दार लावून घ्यायचं. सगळी नोकरी अशी झाल्यामुळे त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती : बिनतिकिटाची, आणि ज्यांचं तिकीट अजून बघितलेलं नाही अशी.

“सुमन, तू घर्षण बघतेस का?” त्यांनी पत्नीपासून सुरुवात केली.

“ते काय असतंय?”

“मग तू नव्हेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालेले आनंदराज नाक्यावरूनच परत फिरले आणि चप्पल हातात घेऊन घरात शिरले. बुद्धप्रिया चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसली होती. वही नाही, पेन नाही. वही न घेता फिजिक्स बघणारी मुलगी पाहिल्यावर आणखी पुराव्याची गरज नव्हती.

“रिव्हिजन करायलेय, पप्पा,” ती म्हणाली.

“कशाची? तू सोयाबीनच्या पंचनाम्याला जातीस.”

बुद्धप्रियाने कप खाली ठेवला. मग एकदाच सगळं सांगून मोकळी झाली. मुलाचं नाव विनोद सोनकांबळे. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, पोरं त्याचे व्हिडिओ बघतात. मुदखेडला मावसबहिणीच्या लग्नात ओळख झाली. आपल्यातलाच आहे, निर्व्यसनी आहे, आणि दुसरीकडे कुठे मी लग्न करणार नाही.

“ते ठीक आहे,” आनंदराज म्हणाले. “पण भाग तीनच का?”

“त्यात ते मधे एकदा हसतात.”

अशी ती सोयरीक टीव्हीने उघडकीस आणली. आनंदराजांचा स्वतःच्या पद्धतीवरचा विश्वास त्या दिवसापासून फारच वाढला. पूर्वी स्थळाची चौकशी करायला पानटपरीवाला, किराणावाला, शेजारीपाजारी धुंडाळावे लागत, आणि ते सगळे आपापल्या सोयीचं सांगत. टीव्हीला सोयगैरसोय नाही.

विनोदच्या घरचे नांदेडला येऊन गेले. वडील ग्यानोबा गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, बोलायला कमी. आई लक्ष्मीबाई, मोकळ्या स्वभावाच्या. “आमचं काही मागणं नाही. पोरगी पसंत हाय, बस,” त्या म्हणाल्या. सुमनबाईंना रडू यायचं बाकी राहिलं. आनंदराजांना मात्र ही गोष्ट खटकली. काहीच मागत नाहीत, म्हणजे काहीतरी झाकतात. ज्याच्याकडे तिकीट नसतं तोच प्रवासी आधी उठून म्हाताऱ्याला जागा देतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

मग रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं ठरलं. आनंदराज आणि सुमनबाई लोहा, अहमदपूर करत लातूरला उतरले. औसा रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत सोनकांबळ्यांचं घर. पुढे छोटा व्हरांडा, आत बैठक. एका भिंतीशी बुद्धाची मूर्ती, समोरच्या भिंतीवर चांगला मोठा टीव्ही. चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चिवडा झाला, गुरुजींनी गच्चीवरची जास्वंद दाखवली. सगळं नको इतकं व्यवस्थित होतं.

“जरा बातम्या लावता का?” आनंदराज सोफ्यावर मागे रेलत म्हणाले. “सोयाबीनला काय भाव निघाला बघू.”

त्यांच्याकडे सोयाबीन नव्हतं. पण हे सुमनबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या बशीकडे बघू लागल्या.

गुरुजींनी टीव्ही लावला. आणि पहिल्याच ओळीत, विनोदच्या घर्षणाच्या शेजारी, चित्रं उभी राहिली. ‘दारूचं व्यसन कसं सोडवावं’. ‘नवरा मारतो? कायदा काय सांगतो’. ‘घटस्फोट घ्यायचा तर काय काय लागतं’. ‘माहेरी गेलेल्या बाईला पोटगी मिळते का’. चारहीखाली लाल रेघ. चारही पूर्ण.

गुरुजींचा अंगठा रिमोटवर बातम्यांचं बटण शोधत राहिला, आणि जितका शोधला तितकी ती ओळ स्थिर उभी राहिली.

आनंदराजांनी मनातल्या मनात हिशेब केला. या घरात नवरा एकच आणि बायको एकच. त्यांनी गुरुजींकडे नव्याने पाहिलं. डोळे जरा लालसर वाटले. मघाशी वाटले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या मनगटावर एक भाजल्याचा डाग होता. तव्याचा आहे असं त्यांनी सांगितलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता त्यांनी सांगितलं नाही, हेही आनंदराजांनी टिपून ठेवलं.

“हे कोण बघतं?” त्यांनी हसत हसत विचारलं. गाडीत चढल्यावर ते असंच हसत.

“बघत असतंय कुणी ना कुणी,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “घरात माणसं येतात, जातात.”

“कोणती माणसं?”

“माणसंच.”

विनोद पुढे सरकला. “काका, त्याचं असं आहे की—”

“विनोद,” आई म्हणाली, “चहा बघ बरं आत.”

आणि शेकडो मुलांना घर्षण शिकवणारा तो प्राध्यापक मुकाट्याने चहा बघायला गेला.

निरोप घेऊन दोघं बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी एका टपरीवजा ऑफिसात, वायरींच्या गुंडाळ्यांमध्ये एक माणूस पान चघळत बसला होता. कपडे इस्त्रीचे, केस तेल लावून बसवलेले. सुमनबाई रिक्षा बघायला पुढे गेल्या आणि आनंदराज तिथे रेंगाळले, कारण एक साक्षीदार पुरेसा नसतो.

“पाहुणे कुणीकडचे म्हणायचे?” त्या माणसानेच सुरुवात केली. नाव मल्लिनाथ. गल्लीतली केबल त्याची. “म्हणजे होती म्हणा की. पूर्वी ह्या गल्लीतलं घर न घर माझ्या वायरीवर होतं, साहेब. आता ज्यानंत्यानं नेट घेतलं, भिंतीएवढा टीव्ही घेतला, आन् माझी वायर कापली. सगळ्यात आधी कुणी कापली? तर गुरुजीनं. शिकलेला माणूस.”

“दिवस बदललेत.”

“बदलू द्या की. पर केबलवर कसं होतं? जे लागंल ते सगळ्यांनी मिळून बघायचं. झाकापाक न्हाई. आता कोण काय बघायलंय पत्ता लागत न्हाई. दार लावून माणूस काय बी बघतंय. माझ्या घरात मी अजून केबलच ठिवलीय. बायकोच्या हातात मोबाईल हाय, पर रोज रातच्याला मी स्वतः उघडून बघतो काय बघितलं ते. हिशेब पाहिजे माणसाला.”

आनंदराजांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या विचाराचं भेटलं. ते टपरीच्या फळीवर टेकले.

“गुरुजी घेतात का हो?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“गुरुजी? न्हाई बा. का बरं?”

आणि आनंदराजांनी सांगितलं. दारूचं, मारहाणीचं, घटस्फोटाचं, पोटगीचं. रेघांसकट सांगितलं.

मल्लिनाथचं पान चघळणं थांबलं. “घटस्फोट? त्या घरात?”

“माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“दुपारचं बघत असतील,” मल्लिनाथ हळूच म्हणाला. “दुपारी मी गल्लीत नसतो, वसुलीला असतो.” तो सोनकांबळ्यांच्या दाराकडे बघत राहिला. “बरं झालं सांगितलाव, साहेब. बघतो मी.”

आनंदराज समाधानाने रिक्षात बसले. जागेवर लक्ष ठेवायला माणूस मिळाला होता.

नांदेडला येऊन त्यांनी निकाल जाहीर केला. सोयरीक होणार नाही. बाप पितो, आईला मारतो, आई सुटकेच्या वाटा शोधते, आणि अशा घरात मुलगी द्यायची नसते.

“पप्पा, गुरुजी सुपारीसुद्धा खात नाहीत!” बुद्धप्रिया म्हणाली.

“मग व्हिडिओ कोण बघतं?”

“विनोदला विचारलं मी. ते म्हणतात, आमच्या घरचं नाही ते. कुणाचं आहे ते सांगता येत नाही, आईनं कुणालातरी शब्द दिलाय.”

“तिकीट होतं साहेब, खिडकीतून उडालं,” आनंदराज म्हणाले. “हे मी रोज ऐकायचो.”

“आणि एखाद्याचं खरंच उडालं असलं तर?”

“दंड भरायचा.”

बुद्धप्रिया उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच आनंदराजांना भीती वाटली. “पप्पा, दंड मी भरते. तुम्ही नाही म्हणा, मी लग्न करणार नाही. विनोदशी नाही, आणि तुम्ही आणाल त्याच्याशीही नाही. पण न तपासता नाही म्हणू नका. तुम्ही गाडीत सांगून चढायचात का? मग लातूरला का सांगून गेलात?”

सुमनबाई आतून म्हणाल्या, “एवढं मात्र खरं बोलली.”

धंद्याच्या दृष्टीने तो मुद्दा बिनतोड होता.

म्हणून पुढच्या आठवड्यात ते कुणालाही न कळवता लातूरला उतरले. वेळ भर दुपारची निवडली. मल्लिनाथची टपरी बंद होती. गल्लीत कुत्रंसुद्धा सावली धरून झोपलं होतं. सोनकांबळ्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. व्हरांड्यात बायकांच्या चपलांचे दोन जोड होते. एरवी त्यांच्या नजरेतून हे सुटलं नसतं, पण तेवढ्यात आतून आवाज आला आणि ते जागीच थांबले.

एक बाई कुणालातरी काहीतरी विचारत होती. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मूल पाठ म्हणतं तसं. “नवरा... दारू पिऊन... मारतो. त्याला न कळता... तक्रार... कुठं करायची.”

टीव्हीचा टुणकन आवाज झाला. बाई रिमोटशी बोलत होती.

लक्ष्मीबाई सापडल्या, असं आनंदराजांना वाटलं. त्यांना जो आनंद व्हायला हवा होता तो झालाही, पण पूर्ण झाला नाही. त्या आवाजात काहीतरी होतं. इतक्या वर्षांत लोक त्यांच्याशी खोटं बोलले होते, रडले होते, पाया पडले होते. पण कुणीतरी एखाद्या यंत्राला इतक्या अदबीने आपलं दुखणं विचारतंय, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तरी सवयीने त्यांनी दार ढकललं.

लक्ष्मीबाई जमिनीवर सूप घेऊन तूर निवडत होत्या. रिमोट त्यांच्या हातात नव्हता. तो दुसऱ्याच एका बाईच्या हातात होता. सडपातळ, पस्तिशीच्या आसपासची, आनंदराजांना पाहताच तिने पदर कानावर ओढून घेतला. पण ओढण्याआधी कानाखालचं काळंनिळं त्यांना दिसलं होतं. गाडीत शिरल्यावर पहिल्या नजरेत जे दिसतं तेच खरं, हे त्यांचंच वाक्य होतं.

“अय्यो अक्का, कोण हे?” ती लक्ष्मीबाईंना चिकटली.

“भिऊ नको, सिद्धम्मा. आमचे पाहुणे हायेत. व्याही होणार होते.” लक्ष्मीबाईंनी ‘होते’ वर जोर दिला नाही. तशी गरजही नव्हती. मग त्या आनंदराजांकडे वळल्या. “आता बघितलाव ना? झालं का समाधान? हिला मोबाईलवर काही बघता येत न्हाई, नवरा रोज तपासतो. घरात केबल. म्हणून दुपारी हितं येती. मी शब्द दिला होता, ह्या दाराबाहेर जाऊ देणार न्हाई म्हणून. भाऊ हाय तिचा उदगीरला, लेकराची परीक्षा झाली की घेऊन जाणार हाय. तंवर कळू द्यायचं न्हाई.”

“केबल?” आनंदराज म्हणाले.

“मल्लिनाथची बायको ती. कोपऱ्यावरच्या.”

आनंदराज खुर्चीवर बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“अक्का, दोन-चार दिवस झाले त्यानं धरलंय,” सिद्धम्मा पुटपुटत होती. “गुरुजीच्या घरात घटस्फोटाचं कोण बघतंय, कोण बघतंय. मला विचारला, तू जातीस का तिकडं? मी न्हाई म्हणलं. त्याला कुणी सांगितलं असंल?”

लक्ष्मीबाईंनी आनंदराजांकडे पाहिलं. गुन्हेगार ओळखण्याची कला केवळ एसटीतच शिकवतात असं नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या.

पुढचं सगळं फार भरभर झालं. सिद्धम्माने सूप ओढून घेतलं. लक्ष्मीबाई उठायला गेल्या. आणि आनंदराजांनी, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, सिद्धम्माजवळचा रिमोट उचलून स्वतःच्या हातात घेतला. टीव्हीवर काळ्या कोटातली एक वकील बाई उघड्या तोंडाने थबकलेली होती. खाली ठळक अक्षरं : ‘मारहाणीची तक्रार कुठे करावी?’

“आलाव का साहेब!” मल्लिनाथ दारात उभा होता. “चौकात बघितलं तुमाला, म्हणलं साहेब तपासायला आले.” मग त्याची नजर खाली गेली. “तू हितं?”

“अक्काची तूर निवडायलेय.”

“आन् हे कोण बघायलंय?” त्याने टीव्हीकडे हनुवटी केली. तो सिद्धम्माकडे बघत होता.

आनंदराजांनी हयातभर लोकांची कारणं ऐकली होती. कुठलं टिकतं आणि कुठलं टिकत नाही, याचं त्यांच्याइतकं ज्ञान लातूर-नांदेड पट्ट्यात क्वचितच कुणाला असेल. चांगलं खोटं ते, ज्यात सांगणाऱ्याचीच बेअब्रू होते. माणूस स्वतःची लाज घालवून खोटं बोलेल, असं समोरच्याला वाटतच नाही.

“मी,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“मी पितो, मल्लिनाथराव.” त्यांनी मान खाली घातली. “पुष्कळ पितो. हातही उचलतो. बायको म्हणते घटस्फोट घेते, तक्रार करते. म्हणून बघतो, काय काय होऊ शकतं ते.”

लक्ष्मीबाईंच्या हातातली तूर हातातच राहिली.

“पर त्या दिवशी तुम्हीच म्हणलाव की, ह्यांच्या टीव्हीवर...”

“तेव्हा मला वाटलं ह्यांचंच आहे. माझ्याच मोबाईलवरचं ह्यांच्या टीव्हीवर आलं होतं. ह्यांच्या वायफायला जोडला होता ना. मला काय ठाऊक, ह्या टीव्हीत असं होतं म्हणून? उगीच बिचाऱ्या गुरुजींवर घेतलं. आज माफी मागायला आलो, तर म्हटलं परत लावून बघावं, खरंच येतं का. आलं.”

तांत्रिकदृष्ट्या या खुलाशात दोन-तीन भोकं होती. आनंदराजांनी बसमध्ये असा खुलासा ऐकला असता तर त्या माणसाला पुढच्याच फाट्यावर उतरवलं असतं. पण मल्लिनाथच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकारचा उजेड पसरला. तो सुखाचा उजेड होता.

“मी काय म्हणत होतो!” त्याने मांडीवर थाप मारली. “हे असंच हाय त्या टीव्हीचं! ह्याचं त्याच्या घरात, त्याचं ह्याच्या घरात. केबलवर कधी बघितलाव का असं? म्हणून म्हणतो केबल बरी.” मग तो जवळ येऊन बसला आणि आवाजात आपुलकी आली. “साहेब, सोडायच्या नादी लागू नका. एकदम सोडली की माणूस आजारी पडतंय. आन् बायकांचं काय, म्हणत असत्यात. तक्रार बिक्रार कुणी करत न्हाई.”

सिद्धम्मा तुरीतला खडा शोधत होती. तिला तो सापडत नव्हता.

“संध्याकाळी हायेत का लातुरात? बसू की,” मल्लिनाथ म्हणाला.

“गाडी आहे,” आनंदराज म्हणाले.

मल्लिनाथची केबल गल्लीत कुणी घेत नसलं तरी बातमी पसरवण्याची त्याची यंत्रणा शाबूत होती. चार दिवसांत औसा रोडवर कळलं की विनोदचे होणारे सासरे अट्टल दारुडे आहेत आणि सासूबाई घटस्फोट मागतायत. सुमनबाईंना त्यांच्या बहिणीचा फोन आला. सुमनबाईंना खरं काय ते आनंदराजांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, “मारता म्हणून सांगायची काय गरज होती? नुसतं पितो म्हणून भागलं नसतं का?”

लक्ष्मीबाई, गुरुजी, विनोद यांचा आता आनंदराजांवर राग नव्हता. अडचण वेगळीच निघाली. लक्ष्मीबाईंचे मोठे भाऊ दयानंदमामा देवणीला असत, जनावरांच्या बाजारात त्यांचा शब्द चाले, आणि भाच्याची सोयरीक त्यांच्या होकाराशिवाय व्हायची नव्हती. मामांच्या कानावर बातमी गेली. मामांना खरं सांगावं, तर मामा बाजारात बसणारे, त्यांच्या तोंडात काही राहत नसे. आणि सिद्धम्मा अजून त्याच गल्लीत होती. तिच्या लेकराचे दोन पेपर बाकी होते.

म्हणून मामा स्वतःच चौकशीला नांदेडला आले.

धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी आधी नाक्यावर चहावाल्याकडे विचारपूस केली, हे आनंदराजांनी खिडकीतून पाहिलं. मग घरात येऊन बसले आणि पाणी पिण्याआधी आनंदराजांकडे खालून वर, मग वरून खाली पाहिलं. देवणीच्या बाजारात खोंडाकडे असंच बघत असावेत. दात दाखवा म्हणतील की काय, असं आनंदराजांना वाटून गेलं.

“पाहुणे, एक विचारू? राग धरू नका.”

“विचारा.”

“पिता?”

दाराशी बुद्धप्रिया उभी होती. तिने विनोदकडून सगळं ऐकलं होतं. तिचा जीव कशात अडकला आहे हे आनंदराजांना दिसत होतं. नाही म्हणावं, तर मामा खूश होऊन लातूरला जातील आणि आधी गल्लीच्या तोंडाशी थांबून सांगतील, सगळं खोटं हाय, पाहुणे पीत न्हाईत. मग मल्लिनाथ बसेल विचार करत, तर तो व्हिडिओ कुणाचा होता. हो म्हणावं, तर पोरीचं लग्न.

“पीत होतो,” आनंदराज म्हणाले. बुद्धप्रियाने डोळे मिटून घेतले.

“काय पीत होता?”

हा प्रश्न त्यांनी गृहीत धरला नव्हता. “देशी.”

“एसटीतला साहेब माणूस, आन् देशी?” मामांचे डोळे बारीक झाले.

“आवड ज्याची त्याची.”

मामा पुढे वाकले आणि त्यांनी उघड उघड वास घेतला. आनंदराजांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि थोडासा वर्तमानपत्राचा वास येत होता.

“सोडली कशानं?”

“व्हिडिओ बघून.”

मामांनी काठी भिंतीला टेकवली. “पाहुणे,” ते म्हणाले, “मी लई सोयरिकी बघितल्या. बैल विकणारा कधी म्हणत न्हाई, माझा बैल बसका हाय. मुलीचा बाप बी म्हणत न्हाई. तुम्ही तोंडावर म्हणलाव. खरं बोलणारा माणूस हाय. होऊ द्या सोयरीक.”

बुद्धप्रिया आत पळाली. आनंदराजांना जन्मात पहिल्यांदा खरेपणाचा दाखला मिळाला होता, आणि तो कशावर मिळाला हे आठवून त्यांना बसल्या जागी घाम फुटला.

चहा आला. मामांनी बशीत ओतला आणि बशी तोंडाशी नेताना ती किंचित थरथरली. त्यांनी दुसरा हात लावून ती धरली. मग दाराकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “तो व्हिडिओ दावता का जरा? मला न्हाई. आमच्याकडं शेजारी एक जण हाय.”

शेजारी एक जण आहे, हे आनंदराजांनी अनेकदा ऐकलं होतं. त्यांनी बशीकडे पाहिलं, मामांच्या बोटांकडे पाहिलं, आणि काही न विचारता टीव्ही लावला. पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर बोलू लागले. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

अर्धा व्हिडिओ झाला असेल, तोच सुमनबाई फोन हातात धरून आल्या आणि आनंदराजांच्या कानाशी लागल्या. “लक्ष्मीबाई होत्या. भाऊ आला होता उदगीरहून. सिद्धम्मा निघाली लेकराला घेऊन, पोचली पण. पोलिसांत जाऊन आली.” त्यांचा चेहरा फुलला होता. “आता सांगून टाका मामांना. एकदाचं निस्तरा ते.”

आनंदराज मामांकडे वळले. मामा टीव्हीच्या इतके जवळ सरकले होते की डॉक्टरांचा उजेड त्यांच्या कपाळावर पडला होता. ओठ हलत होते. डॉक्टर सांगत होते ते मामा मनातल्या मनात पाठ करत होते.

“आत्ता नको,” आनंदराज पुटपुटले.

“मग कधी?”

“बघू. संपू दे.”

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या आत गेल्या. आनंदराजांनी खुर्ची पुढे ओढून मामांच्या शेजारी घेतली.

“आवाज वाढवू का?” त्यांनी विचारलं.

“वाढवा,” मामा म्हणाले. मग लगेच, “न्हाई, नको. आत वैनींला ऐकू जाईल.”

आनंदराजांनी आवाज आणखी थोडा कमी केला, आणि दोघं पुढे वाकून ऐकू लागले.